कुंपण-निरीक्षक बाई आणि तुटकं इंटरनेट

नाव : व्हर्ना कार्व्हर. हुद्दा : कुंपण-निरीक्षक, ग्रामसभेत हात वर करून एकमताने निवड. मानधन : निरंक. कर्तव्य : शेजाऱ्यांचे हद्दीचे तंटे मिटवणे. बेटावर मेंढ्या होत्या तेव्हाचं हे पद. मेंढ्या संपल्या, पद उरलं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यापलीकडच्या या बेटावर भांडणं होतात ती शेवंडीच्या पिंजऱ्यांच्या जागेवरून, आणि समुद्राला कुंपण घालता येत नाही. तेव्हा बाई रिकाम्याच आहेत, असं म्हणून सभेने इंटरनेटही तिच्या गळ्यात बांधलं.

ते यायचं समोरच्या किनाऱ्यावरच्या टेकडीवरून, खाडी ओलांडून, धक्क्यावरच्या खांबाच्या तबकडीत. आणि दिवसातून कैकदा जायचं. कंपनीचा फोनवरचा माणूस दरवेळी सांगे, "मशीन बंद करून परत चालू करा."

डेनीज थिबोडोला हे परवडणारं नव्हतं. ती घरून एका इस्पितळाचं काम करायची, आणि साहेबाने बजावलं होतं : महिनाअखेर हे सुधारलं नाही, तर इकडे कचेरीत येऊन बसा. डेनीज गेली की तिची दोन मुलं जाणार, आणि पाच मुलांच्या शाळेला कुलूप लागणार.

व्हर्नाने बंबखान्यातला सर्व्हर उघडला. जोडणी तुटली की तो आपणहून एक ओळ लिहून ठेवतो. त्या ओळी तिने शेजारणीच्या भानगडी वाचाव्यात तशा चवीने वाचल्या. पहिला आळ फेरीबोटीवर. मग मुलांच्या ऑनलाइन खेळांवर. मग दीर आल्टनच्या आमिषाच्या फ्रीझरवर. तो बंद ठेवायला लावला. इंटरनेट जातच राहिलं, आणि आमिषाची हेरिंग मासळी नासल्याचं वाऱ्याने घरोघर कळवलं.

"सकाळी सातला गेलं, म्हटलं न्याहारीची वेळ," दुकानात आल्टनला कॉफी ओतत ती म्हणाली. "चार दिवसांनी बघते तर तेच दुखणं दहावर! रोज थोडं थोडं सरकतंय मेलं."

"मग माझ्यासारखंच आहे." आल्टनचा घुस्सा अजून उतरला नव्हता. "मीही चिखलातल्या तिसऱ्या खणायला रोज थोडा उशिरा निघतो. त्यालाही गमबूट दे."

किटली हातातच थबकली.

"आल्टन! ओहोटी रे! ओहोटी!"

"ओरडू नकोस बाई, अजून तीन तास आहेत तिला."

जन्मभर पाण्याच्या वेळेवर जेवलेली बाई, पण यंत्र पलीकडच्या किनाऱ्यावरचं म्हणून तिने घड्याळही तिकडचं लावलं होतं. नोंदींशेजारी भरती-ओहोटीचं कोष्टक ठेवलं मात्र, ओळ न् ओळ जुळली. पाणी एका ठरावीक उंचीला आलं की जोडणी तुटायची. उतरताना एकदा, चढताना एकदा.

तिने कळवताच कंपनीचा इंजिनियर प्रूइट पुढच्याच बोटीने आला. तोवर अख्खं बेट धक्क्यावर. व्हर्नाने जाहीर केलं होतं : पाणी धक्क्यासमोरच्या काळ्या खडकाच्या मानेला लागलं की इंटरनेट जाणार. पैजा डोनटच्या. आमिषाच्या पिंपावर डेनीजचा संगणक, पडद्यावर तिचा साहेब, बोलतोय.

"लागलं का?"

"थांब गं, लाट आहे ती."

"लागलं!"

साहेब तोंड उघडं ठेवून गोठला. धक्क्यावर अशी आरोळी उठली की सीगल उडाले. सगळ्यात उंच उडी प्रूइटची.

"एक लहर सरळ येते, एक पाण्यावरून उसळून," तो धापा टाकत म्हणाला. "या उंचीला दोघी एकमेकींना खातात!"

"जावा आहेत, असं सांगा की," व्हर्ना म्हणाली.

"दुसरी तबकडी वेगळ्या उंचीवर बसवू. एक आंधळी झाली की दुसरी बघेल."

"उद्या बसवा. महिना संपत आलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी खडकाच्या मानेला लागलं. साहेब बोलत राहिला. डेनीज त्याचं ऐकत होती की रडत होती, सांगणं कठीण.

सभेच्या इतिवृत्तात नोंद झाली : 'कुंपण-निरीक्षकांनी खाडीतील हद्दीची पाहणी करून दोन्ही लहरींत समेट घडवला. थिबोडो कुटुंबाच्या स्थलांतराचा विषय पुढील सभेपर्यंत विचाराधीन.'

सामान बांधायला आणलेले खोके डेनीजने त्याआधीच चुलीत घातले होते.