शिवणाच्या बाईंचा इंग्रजीचा तास

मुलींच्या शाळेतलं शिवण बंद झालं आणि मोठ्या बाईंनी शिवणाच्या बाईंना बोलावून सांगितलं, "चौथीचं इंग्रजी घेणार असाल तर राहा. दुसरं काही माझ्या हातात नाही."

घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. बाई "घेते" म्हणाल्या. मारूनमुटकून वैद्यबुवा करतात म्हणे. इथे मारायचीही गरज पडली नाही.

इंग्रजी म्हणाल तर बाईंना अक्षरं लावता यायची आणि पाचपन्नास शब्द. पण बाई हिकमती. भाचीकडून रोजचा धडा वहीत उतरवून घ्यायच्या आणि घंटेआधी येऊन फळ्यावर जसाच्या तसा रंगवायच्या. ॲम, इज, आर मात्र त्यांनी स्वतःच्या डोक्याने शिकवलं.

"आधी माप घ्या, मग कापा," त्या सांगत. "'आय'ला ॲमच बसतं, ते दुसऱ्या कुणाच्या अंगाला व्हायचं नाही. 'ही' एकटा, 'शी' एकटी, त्यांना इज. घोळका आला की आर."

"आणि यू, बाई?"

"यू एकटा असला तरी अंगाने आडवा. त्याला आरच लागतं!"

मुलींना हे जन्मभर विसरता येणार नाही इतकं पाठ झालं. चार महिने झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली. पण व्हरांड्यात कुणाचं पाऊल वाजलं की बाई बोलता बोलता दाराकडे बघायच्या. कुणी सहज "काय बाई, कसं चाललंय?" विचारलं, तरी हातातला खडू मोडायचा.

तपासणीच्या दिवशी बाई तासभर आधी आल्या, फळा काठोकाठ भरला आणि पाणी प्यायला गेल्या. येऊन बघतात तर फळा कोरा. सफाईच्या मावशी ओलं फडकं पिळत उभ्या.

"साहेब यायचेत ना बाई, म्हटलं लख्ख करून ठेवावा!"

बाईंची पाचावर धारण बसली. वही काढायला पिशवीत हात घातला, तोच घंटा झाली आणि मुलींच्या मागोमाग साहेबच आत आले. ते मागच्या बाकावर बसले.

बाईंनी उसनं अवसान आणून जे येत होतं तेच घेतलं. ॲम, इज, आर. मुली खणखणीत आवाजात म्हणत होत्या. आडव्या यूपाशी साहेब हसले. का हसले? मग साहेबांनी शेरेबुकात इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, "हे मोठ्या बाईंना द्या," म्हणाले आणि शेजारच्या वर्गात गेले.

बाईंनी पान उघडलं. टीचर इज, एवढं लागलं. त्यापुढे लांबलचक शब्द होता, आणि तो काही केल्या लागेना. आपण कोण, नोकरी राहिली की गेली, सगळं त्या शब्दात. अक्षरं डोळ्यांपुढे नाचायला लागली. राहवेना, तेव्हा त्यांनी वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला बोलावलं.

"हे वाच गं."

मुलीने ओळीवर बोट ठेवलं. "टीचर... इज..." आणि ती थांबली.

"पुढे?"

"पुढचं आपलं झालेलं नाही ना, बाई. तुम्ही सांगा."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बाई आता सांगतील म्हणून वर्गातल्या मुलींनी पटापट वह्या उघडल्या. पेन्सिली सरसावून सगळ्या बाईंच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

चार महिने बाई स्वतःसाठी भ्याल्या होत्या. या पोरी उद्या पाचवीत जातील, तिथेही इजपाशीच अडतील, आणि चूक स्वतःचीच होती असं समजतील. या भीतीपुढे ती पहिली भीती काहीच नव्हती.

शेरेबुक तसंच उघडं धरून त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या.

मोठ्या बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, किती कौतुक केलंय तुमचं! तुम्ही वाचलंत ना?"

"मला वाचता येत नाही," बाई म्हणाल्या. नवऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. "चौथीला दुसऱ्या बाई बघा. पोरी वह्या उघडून बसल्यात."