पत्राखालची आईची ओळ

पत्रात चार वाक्यं होती. हे पैसे मी माझ्या मुलीला भेट म्हणून देत आहे. ते मी कधीही परत मागणार नाही. या पैशांमुळे त्या घरावर माझा कसलाही हक्क निर्माण होत नाही. मी त्या घरात राहणार नाही. खाली देणाऱ्याची सही, तारीख आणि ओळख पटवणाऱ्या वकिलाचा शिक्का.

इंग्लंडमधल्या ज्या बँकेकडे मी घरासाठी कर्ज मागितलं होतं, तिनं हा मजकूर तयार करूनच पाठवला होता. मी फक्त आईची सही आणायची होती. कर्ज मिळवून देणारा तिकडचा दलाल फोनवर म्हणाला, "साधी गोष्ट आहे, सगळेच देतात." सगळ्यांच्या आया नातेपुत्याजवळच्या खेड्यात राहत नाहीत, हे त्याला कसं कळणार? मला तरी कळायला हवं होतं. कळलं नाही, त्याचा राग अजून आहे, आणि तो बँकेवरच्या रागापेक्षा कमी नाही.

मी तिथं कामाच्या व्हिसावर आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. सोलापुरात हॉस्टेलवर राहून इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरी केली आणि मग कंपनीनं तिकडे नेलं. कुणाच्या चिठ्ठीवर गेले नाही. पगारातून कर कापताना व्हिसा किती वर्षं उरलाय, असं मला तिथं कुणी विचारत नाही. कर्ज म्हटलं की पहिला प्रश्न तोच. व्हिसावरचा माणूस म्हणजे उद्या उठून पळणारा, असा त्यांचा हिशोब. म्हणून घराच्या किमतीतला मोठा हिस्सा मी आधी भरायचा. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या तिकडच्या पोरीला त्याच बँकेनं त्याच्या निम्मा हिस्सा भरून घेऊन कर्ज दिलं. काम दोघींचं एकच. तिच्या चुका तर मी दुरुस्त करते.

तरी मी मागे हटले नाही, कारण भाड्याच्या घराला मी कंटाळले होते. चार वर्षांत तीनदा घरमालकानं "विकायचंय" म्हणून बाहेर काढलं होतं. तिसऱ्या वेळी खोकी बांधताना मी ठरवलं की पुढच्या वेळी घरातून निघायचं ते आपल्या मर्जीनं. रेल्वेच्या रुळांजवळ दोन खोल्यांचं घर बघितलं, मालकाशी सौदा ठरला. सगळी साठवण ओतली तरी थोडे पैसे कमी पडत होते.

आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "माजं हायत की."

आईचं म्हणजे मेंढरांचं. लग्नात तिला माहेरहून दोन मेंढ्या आंदण मिळाल्या होत्या. आमच्याकडे आंदणाच्या मेंढ्यांची पिल्लं, आणि पिल्लांची पिल्लं, त्या बाईचीच धरतात. कळप एक असला तरी आईची मेंढरं वडिलांनी कधी स्वतःची म्हटली नाहीत. त्यांच्या कानाला वेगळी खूण असायची. वडील गेले, जमीन भावाच्या नावावर गेली, पण ती खूण आईची राहिली. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, मेंढरांमागे चालवेना, तेव्हा तिनं ती सांगोल्याच्या बाजारात विकली आणि पैसे स्वतःच्या नावानं बँकेत ठेवले. आयुष्यात तिच्या नावावर असलेली ती एकच गोष्ट.

"तुज्या घराला लागू दे," ती म्हणाली. "मी आले की माज्याच घरात आल्यागत वाटंल."

आता बघा, हे ती आधीच बोलली होती. तरीही ते पत्र घेऊन दोन आठवड्यांच्या सुट्टीवर मी घरी गेले.

पहिल्याच दिवशी जेवताना थोरल्या भावानं विचारलं, "काय लिवलंय त्यात?"

मी सांगितलं. भेट आहे, परत मागणार नाही, घरावर हक्क नाही. तीनच वाक्यं सांगितली. चौथं गिळलं. मुद्दाम गिळलं. आई समोर भाकऱ्या थापत होती.

भाऊ हसला. "म्हंजे हक्कसोडच की!"

हक्कसोड काय असतं ते आमच्या भागात पोरीला समजावून सांगावं लागत नाही. वडील गेल्यावर दोन महिन्यांनी भाऊ मला आणि आईला तालुक्याला घेऊन गेला होता. जमिनीवरचा आमचा दोघींचा हक्क आम्ही राजीखुशीने सोडत आहोत, असं लिहिलेला कागद तयारच होता. तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. मी म्हणाले, "मी राजीही नाही आणि खुशही नाही." आई म्हणाली, "रीत हाय. भावाचं दार उगडं ऱ्हायाला पायजे." मी सही केली. येताना एसटीत कुणाशी बोलले नाही. भावाचं दार उघडं आहे खरं. आई त्या दारातून आत गेल्यावर डाव्या हाताच्या पत्र्याच्या खोलीत झोपते, पेंडीच्या पोत्यांशेजारी.

"माज्या टायमाला तोंड फुगवून बसली हुतीस," भाऊ म्हणाला. "आता सोताच्या आईकडनं सोडवून घेतीस व्हय? लई शिकलीस बाई."

"तुला जमीन फुकट मिळाली! मी माझ्या कमाईवर घर घेतीय."

"मंग आईची मेंढरं कशाला पायजेत?"

ताट तसंच ठेवून मी उठले. तो चुकीचं बोलला असता तर मी बसून भांडले असते.

"ए, बसा गप," आई म्हणाली. "भाकरी निवाय लागली. तुमच्या बापाचं काय आन् माजं काय, सगळ्याला भांडणच पायजे तुमास्नी."

इंग्रजी कागदावर शिक्का मारायला तालुक्यातला कुणी वकील तयार होईना. म्हणून तिसऱ्या दिवशी मी आईला घेऊन सोलापूरला गेले. कोर्टाजवळच्या गल्लीत एका वयस्कर वकिलांचं ऑफिस होतं, म्हणजे दोन टेबलं, एक पंखा आणि फायलींचे ढिगारे. बाकावर आणखी दोघं-तिघं ताटकळत बसली होती. कॉलेजला असताना याच गल्लीतून मी रोज सायकलवर जायचे. तेव्हा वाटायचं, शिकलं की कागदांना घाबरावं लागत नाही.

वकिलांनी पत्र दोनदा वाचलं. मग चष्म्यावरून आईकडे बघितलं.

"मावशी, इंग्रजी कळतं का?"

"न्हाय. चौथी झालीया माजी, मराठीत."

"मग मला मराठीत वाचून दाखवायला लागेल. तुम्हाला समजलंय, असं मी खाली लिहिणार. न वाचता लिहिलं तर खोटं होतंय की."

मी म्हणाले, "मी सांगितलंय तिला सगळं."

"असू दे की ताई. माझं काम मला करू दे."

ते एक एक वाक्य सावकाश मराठीत वाचत गेले. पहिल्या तिन्हींवर आईनं मान हलवली. चौथं वाचून ते थांबले. बाकावरची माणसंही ऐकत होती.

"मी त्या घरात राहणार नाही," त्यांनी पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे आईला सांगितलं होतं ना?"

आईनं माझ्याकडे बघितलंही नाही. ती वकिलांकडे बघत होती.

"मी तितं जायाचं न्हाय?"

"तसं नाही, मावशी. कायमचं राहायचं नाही, असा अर्थ. उद्या कर्ज बुडालं, बँकेला घर ताब्यात घ्यावं लागलं, तर आत बसून कुणी मी निघत नाही म्हणू नये, म्हणून असतंय ते. पाहुणी म्हणून जाता येईल की."

"तसं लिवलंय का त्यात?"

"तसं नाही लिहिलेलं."

"मंग लिवा की."

"बँकेचा मजकूर आहे, मावशी. त्यात आपल्याला बदल करता येत नाही."

"मी म्हनते म्हणून लिवलंय नव्हं? मी राहनार न्हाय, असं मी म्हनते. मग मी काय म्हनते ते मला न इचारता त्यांनी लिवायचं, आन् माज्या तोंडचं मी लिवायचं न्हाय?"

बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "बाई बरोबर बोलतीया."

माझं डोकं फिरलं होतं. कुणावर म्हणून नाही, सगळ्यांवर. हा कागद लिहिणाऱ्या बँकेवर. तीन वाक्यं सांगून चौथं लपवणाऱ्या माझ्यावर. आईनं जन्मात जेवढ्या सह्या केल्या, त्या सगळ्या काही ना काही सोडण्यासाठी केल्या. माहेरच्या जमिनीसाठीची सही मामांनी घेतली. सासरच्या जमिनीसाठीची भावानं घेतली. आणि आता इतकी शिकलेली लेक विमानानं येऊन तेच करत होती, वर इंग्रजीत. बाईची सही लागते ती सोडायलाच लागते का? मी कागद ओढला.

"राहू दे. मला नको हे. आई, ऊठ."

"बस खाली."

"नको म्हणतीय ना मी!"

"तुला कोण इचारतंय? मेंढरं माजी, पैसं माजं, सही माजी. तू कोण न्हाय म्हननार? तितं तालुक्याला केली ती तुमचं तोंड बघून केली. ही मी करनार. पर माजं बी लिवून करनार." मग वकिलांना म्हणाली, "पेन द्या, सायेब."

तिनं चौथ्या वाक्याखाली, सहीच्या वर, मोकळ्या जागेत लिहायला सुरुवात केली. ओळ उजवीकडे चढत गेली. पंख्यानं कागद उडू नये म्हणून वकिलांनी दोन बोटांनी कोपरा दाबून धरला होता.

'मी लेकीच्या घरी येनार आनी चार दिवस राहनार.'

खाली सही केली.

"मावशी, हे असं चालत नाही," वकील म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"चालतंय. मारा शिक्का."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बँक हे पत्र घेणार नाही, हे मला माहीत होतं. दुसरी कोरी प्रत माझ्या पिशवीत होती. मी ती काढली नाही. म्हणाले, "मारा."

बाहेर आल्यावर आई खुशीत होती. खानावळीत तिनं पोटभर जेवण केलं आणि माझ्यासाठी शेंगाचटणीचा अर्धा किलोचा पुडा घेतला. "तितल्या लोकास्नी बी दे थोडी. पर त्या बँकवाल्याला देऊ नगंस," ती म्हणाली.

इंग्लंडला परतले आणि पत्र दिलं. आठवड्यानं दलालाचा फोन आला. हातानं लिहिलेल्या त्या ओळीचा अर्थ काय? मी इंग्रजीत सांगितला. तो हसला, वाईट नाही हसला, "किती गोड," म्हणाला. मग म्हणाला, बँकेला स्वच्छ पत्र हवं आहे. तेच चार वाक्यांचं, वरती-खालती काही न लिहिलेलं.

"हे स्वच्छच आहे," मी म्हणाले.

"मला कळतंय. पण त्यांना—"

"तुम्हाला कळत नाही. माझ्या आईनं लिहिलंय की ती मला भेटायला येणार आहे. यात घाण काय आहे?"

त्याचा दोष नव्हता. मी बँकेला स्वतः पत्र लिहिलं. चार दिवस म्हणजे पाहुणचार, आमच्याकडे असंच बोलतात, चार म्हणजे मोजून चारही नसतात, असं समजावून सांगितलं. सोलापूरच्या वकिलांकडून तसं पत्र मागवून तेही जोडलं. उत्तर दोन ओळींचं आलं. ठरलेला मजकूर, कोणतीही भर न घालता. मुदत महिनाअखेर.

उपाय सोपा होता. भावाला सांगितलं असतं तर त्यानं आईला पुन्हा सोलापूरला नेलं असतं, कोऱ्या प्रतीवर सही घेतली असती. हसत हसत नेलं असतं. एवढंच सांगायचं होतं की आई, तुझी ती ओळ चालत नाही, ती सोडून सही कर.

त्या रविवारी त्यासाठीच फोन लावला. वाक्य मनात तयार होतं.

"पोचलं का माजं पत्र?" आईनंच विचारलं.

"पोचलं."

"वाचलं त्यांनी?"

"वाचलं."

"मी लिवलेलं बी?"

"ते पण वाचलं."

"काय म्हनलं मंग?"

एवढी पोटतिडकीनं बँकेशी भांडणारी मी, आईला एक वाक्य सांगता येईना.

"पत्राचं काही नाही गं," मी म्हणाले. "घरच खराब निघालं. भिंतींना ओल आहे. मी नको म्हणाले."

घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं. मी अजून भाड्याच्याच घरात आहे, चौथ्या. आईचे पैसे तिच्याच खात्यात आहेत आणि ते पत्र शिक्क्यासकट माझ्या कपाटात. ते पुन्हा कुठल्याही बँकेला मी देईन तर असंच देईन.

त्या दिवशी फोनवर आई जराशी थांबली होती. मला वाटलं, तिला कळलं.

"ओल हाय व्हय?" ती म्हणाली. "मंग बरं केलंस. ओलीत माजं गुडघं टिकलं नसतं तितं. दुसरं बघ, कोरडं."