जुना ड्रायव्हर

माझे पती गोंदिया जिल्ह्यातल्या कॉलेजांची, कचेऱ्यांची नेटवर्कं सांभाळत. मी सालेकशाच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. ते गेले त्या वर्षी आजारपणामुळे घरीच असत. चार शब्द बोलले तरी दम लागे.

त्या दिवसांत एकदा वीज चमकली आणि कॉलेजातला स्विच, म्हणजे सगळ्या संगणकांना इंटरनेट वाटून देणारा डबा, आपल्या सेटिंग विसरला. दुसरा दिवस परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा. जंगलातल्या गावांतून आलेली मुलं सकाळपासून वाचनालयात बसून होती. फॉर्म राहिला की वर्ष गेलं.

सेटिंग परत भरायच्या तर लॅपटॉप यूएसबी केबलने त्या डब्याला जोडावा लागे. दोन्ही त्यांनीच माझ्या पिशवीत घातली होती. मी केबल लावली. लॅपटॉपने त्याला लावलेल्या इंटरनेटच्या डोंगलवरून आपणहून नवा ड्रायव्हर, म्हणजे केबल ओळखणारा प्रोग्राम, ओढून घेतला आणि यादीत केबलच्या नावावर पिवळा त्रिकोण उमटला. तीनदा काढली, तीनदा लावली. मग घरी फोन केला.

"डोंगल लावूनच ठेवलं ना?" ते म्हणाले.

"हो."

"काऊन? सांगतलं होतं ना, पहिले ते काढ म्हणून. आपली केबल स्वस्तातली. नवा ड्रायव्हर तिले ओळखच देत नाही, साहेब झालेल्या भाच्यावानी. फोल्डरातला जुना टाक."

"सांगितलं नव्हतं तुम्ही."

"बरं, नसन सांगतलं. कायले रडून राहिली?"

"मी रडत नाहीये."

डोंगल काढलं, नवा ड्रायव्हर पुसला, जुना टाकला. दर पायरीला ते दम घेत आणि मी थांबे. त्रिकोण गेला, पण स्विच दाखवणारा पडदा काळाच.

"पोर्टचा नंबर बदलला असन. यादीत पाह्य."

तीनचा सात झाला होता. सात टाकून एंटर दाबलं, तेव्हा काळ्या पडद्यावर स्विचचं नाव आलं. त्यांनी जपून ठेवलेल्या सेटिंग मी जशाच्या तशा त्यात उतरवल्या.

वाचनालयातून आवाज आला, "आलं बे, आलं!"

"ठेवते आता," मी म्हणाले. "फॉर्म भरून घ्यायचेत."

"बंद नको करू. टेबलावर ठेव. आयकून राहतो."

फोन तसाच चालू राहिला. मधूनमधून मी कानाला लावी.

"किती उरले?"

"अकरा."

मग, "किती?"

"चार."

तीन वाजून गेले होते. "झाले सगळे," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले, "मंग आता जेवतो."