चाळणीत अडकलेलं औषध

कल्पना करा, तुमच्यासमोर काचेचा चंबू आहे आणि आत पाणी गरगर फिरतंय. तुमच्या हातात सिरिंज आहे, तिच्यातल्या द्रावणात डोळ्याचं औषध विरघळवलेलं आहे. एक थेंब सोडायचा, तीन आकडे मोजायचे, मग दुसरा. असं पाऊण तास. घाई केलीत तर गुठळ्या होतात. हात स्थिर राहिला तर पाण्याला हळूहळू निळसर झाक येते, दुधाचं भांडं विसळल्यावर येते तशी. मग समजायचं, कण जमले. एका केसाच्या जाडीत चार-पाचशे कण शेजारी शेजारी बसतील, इतके बारीक.

प्रयोगशाळेत हे काम थेंबताईचं. तिचं खरं नाव हजेरीपटाशिवाय कुणी वापरत नसे.

तिला आत्यानं वाढवलं. आत्यानं जन्मभर शिंपीकाम केलं. आता तिच्या डोळ्यांतला दाब वाढला होता, म्हणून दिवसातून तीनदा थेंब घालावे लागत. पण औषध पडायच्या आत तिची पापणी मिटलेली असायची.

“आत्या, औषध डोळ्याचं आहे, गालाचं नाही.”

“गालालाही मिळू दे थोडं. तोही म्हातारा झालाय.”

जे काही डोळ्यात जाई, तेही चार-पाच मिनिटांत अश्रूंबरोबर वाहून जाई. थेंबताईचे कण त्यावरच उपाय होते. औषध पोटात घेऊन डोळ्याच्या पृष्ठभागाला चिकटायचं आणि ते सावकाश सोडत राहायचं, एवढंच त्यांचं काम.

ते अजून चिकटून राहावेत म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी या वेळी कणांवरचा लेप जाड करायला सांगितला होता. शेवटची पायरी नेहमीचीच: जंतू अडवणाऱ्या बारीक चाळणीतून सगळं गाळून घेणं. सिरिंज दाबताना हाताला जड लागत होतं. चाळणी तीनदा तुंबली. थेंबताईनं ती तीनदा बदलली, अंगठ्याचा जोर लावला आणि काम उरकलं. वहीत मात्र यातलं काही लिहिलं नाही. त्यात काय लिहायचं, असं तिला वाटलं.

मॅडमनी बाटली खिडकीशी धरली. “किती नितळ झालंय. जादू आहे बाई तुझ्या हातात.”

बारा बाटल्या बंद झाल्या. चार महिने थांबल्यावर, सशांवर औषधं तपासणाऱ्या चाचणी केंद्राची तारीख मिळाली होती. चार वाजता त्यांचा माणूस येणार होता.

दुपारी जेवताना घास हातातच राहिला. नितळ? मग निळी झाक गेली कुठे?

ती उठली, उष्ट्या हातावर पाणी घेतलं, हातमोजे चढवले आणि कचऱ्याच्या डब्यातून चाळण्या काढल्या. प्रत्येकीवर सायीसारखा पांढरा थर. लेप जाड झाला, कण फुगले आणि चाळणीच्या भोकांपेक्षा मोठे झाले. सगळं मुसळ केरात. बाटल्यांत निव्वळ पाणी.

गप्प बसली असती तर आज कुणाला कळलं नसतं. पण हेच पाणी चाचणीला गेलं असतं, तर कणांवर ‘निरुपयोगी’ असा शिक्का बसला असता आणि काम तिथेच संपलं असतं. ती चाळण्या घेऊन मॅडमच्या खोलीत गेली.

“मॅडम, औषध इथे आहे. बाटल्यांत नाही. गाळताना हाताला जड लागत होतं.”

मॅडमनी चाळणी उलटसुलट करून पाहिली.

“मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?”

“मला वाटलं, माझाच अंगठा दुखतोय.”

“आणि मी डॉक्टरेट मिळवून पाण्याचं कौतुक करत बसले.” मॅडमना हसू आवरेना. मग त्यांनी फोन उचलला. पुढची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली.

या वेळी प्रत्येक घटक आधीच निर्जंतुक केला आणि सगळं काम बंद, स्वच्छ पेटीत झालं. म्हणजे शेवटी गाळायची गरजच उरली नाही. बाटल्या निळसर गेल्या. वहीत थेंबताईनं मोठ्या अक्षरात लिहिलं: हाताला जड लागलं तर थांबा, आणि लिहा.

निकाल आला, तेव्हा सशांच्या डोळ्यांत सहा तासांनंतरही औषध सापडलं होतं. माणसांपर्यंत पोचायला अजून बरीच वर्षं होती, तरी ती शीळ घालत घरी आली. आत्याला सगळं सांगितलं. आत्या टाके घालायचं थांबवून ऐकत होती.

“म्हणजे गाडी माल घेऊन येते, दारात उभी राहते, माल उतरवते.”

“अगदी तसंच.”

“मग रिकामी गाडी कुठे जाते?”

“विरघळते. अश्रूंबरोबर निघून जाते.”

“पाहिलंयस?”

तिनं पाहिलं नव्हतं. पुस्तकात वाचलं होतं, मॅडम तसं म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चंबू घासताना तिचा हात मध्येच थांबला. वर्षानुवर्षं रोज थेंब घालणाऱ्या माणसाच्या डोळ्यातून ते रिकामे कण खरंच सगळेच्या सगळे निघून जात असतील का?