वास घालण्याचं काम

जमिनीतून निघणाऱ्या गॅसला मुळात वासच नसतो, हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. तळेगावच्या घराघरांत पाइपाने जाणाऱ्या गॅसला कुजक्या कांद्यासारखा वास येतो, तो मुद्दाम घातलेला असतो. गळती झाली तर माणसाला कळावी म्हणून. तो घालायचं काम माझं. गावाबाहेरच्या केंद्रावर मोठ्या पाइपातल्या गॅसचा दाब कमी करून तो गावात सोडतात, तिथे एक छोटा पंप त्या वासाचं रसायन थेंबाथेंबाने मिसळतो. मी टाकी भरतो, पंपावर लक्ष ठेवतो. एवढी यंत्रं, एवढे पाइप, आणि सगळ्यांची मदार थेंबभर दुर्गंधीवर.

ती माझ्याबरोबर घरी यायची. कितीही साबण लावा. बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहायची, त्याचं मला काही वाटत नसे. ऐसपैस बसायला मिळे. माझ्या नाकाला तो वास कधीचाच कळेनासा झाला होता. आईचं नाक एका आजारपणात गेलेलं, त्यामुळे घरात तक्रार नव्हती. तक्रार होती समोरच्या मावशींची. कुरवंड्याहून लेकाकडे राहायला आलेल्या. मी जिना चढून आलो की त्या दारात उदबत्ती लावायच्या, मला दिसेल अशी. मला भयंकर राग यायचा. एकदा जिन्यातच त्यांना भाषण दिलं: हा वास तुमचा जीव वाचवायला असतो, घरात आला तर काडी ओढायची नाही, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, खिडक्या उघडायच्या. त्यांनी नाकाला पदर लावून ऐकलं आणि मी आत जाताच उदबत्ती लावली.

एका दुपारी पाळी संपवून आलो तर आमचं दार सताड उघडं आणि आई मावशींकडे चहा पीत बसलेली. तिने दूध तापत ठेवलं होतं. ते उतू गेलं, शेगडी विझली, गॅस तसाच चालू राहिला. आई आतल्या खोलीत आडवी झालेली; तिला वास येणं शक्यच नव्हतं.

जिन्यात वास आला तेव्हा मावशींना वाटलं, मीच आलो. सवयीने त्यांनी उदबत्ती घेतली, काडेपेटी उघडली.

"काडी वडनारच व्हते," त्या म्हणाल्या. "मग ध्यानात आलं, तू तर सकाळच्या पाळीला गेलतास. मग ह्यो वास कुनाचा?"

आमची एक किल्ली त्यांच्याकडे असे. तिने दार उघडून त्यांनी शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि आईला हाताला धरून बाहेर आणलं. बेलसुद्धा वाजवली नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. माझं सगळं भाषण त्यांनी नीट ऐकलं होतं.

मी पाया पडायला वाकलो.

"लांबूनच पड," त्या म्हणाल्या. "लय वास येतोय."

मी हसता हसता रडायला लागलो. आई आहे ती मावशींमुळे. हे उपकार फिटणारे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत. असले उपकार अंगावर राहिलेलेच बरे.

त्या अजूनही उदबत्ती लावतात. फक्त आता आधी दार उघडून बघतात, जिन्यात खरंच मी आहे ना. मी दिसलो की मगच काडी ओढतात. त्यांचं दार उघडेपर्यंत मीही थांबतो.