सूर्यावरचा खोटा डाग

आकाशाचे फोटो काढायचेत म्हटलं की लोक पहिला सल्ला देतात, शहर सोडा. मोबाइलवरच्या ज्या ग्रुपमध्ये मी विचारायला गेले, तिथल्या एका गृहस्थांनी मला थेट लडाखला पाठवलं. अंधार तिथला चांगला म्हणे. मी धुळ्यात देवपूरला राहते, सकाळी दहाला कामावर असते, आणि हे मला लडाख सांगतात! दुसऱ्याने यंत्रांची अशी यादी धाडली की वाचूनच माणसाने आकाशाकडे पाठ करावी. मला राग आला. मला राग लवकर येतो. त्याशिवाय पत्रकं लिहिता येत नाहीत.

मी आणि माझी एक मैत्रीण दर महिन्याला एकपानी पत्रक काढतो. विषय एकच, मोबाइलवर फिरणारे खोटे फोटो आणि खोट्या बातम्या. चहाच्या टपऱ्या, वाचनालय, कॉलेजची फाटकं, जिथे उभं राहू देतील तिथे वाटतो. ‘आज मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा संदेश दरवर्षी न चुकता येतो, घरातली शहाणी माणसंसुद्धा तो पुढे ढकलतात. त्यावर लिहायला बसले तेव्हा वाटलं, आपल्या पानावर आकाशाचा फोटो आपण स्वतः काढलेला हवा. उसना फोटो छापून खोट्या फोटोंना शिव्या कशा घालणार?

आता अंधार नाही, रजा नाही. मग आमच्याकडे आहे काय? ऊन. खानदेशात ज्याची कधीच टंचाई पडत नाही असा एक तारा आहे, आणि त्या यादीवाल्यांपैकी एकालाही तो आठवला नव्हता. सूर्याला गावातले दिवे आडवे येत नाहीत. कामावर जाण्याआधी तो हजर असतो. मी त्याच दिवशी ठरवलं, आपण सूर्याचेच फोटो काढायचे.

मग सामान निवडणं एकदम सोपं झालं. हाताच्या लांबीची भिंगाची दुर्बीण, नाशिकच्या एका हौशी माणसाने वापरलेली. सूर्यामागे हळूहळू वळत राहणारी मोटर बसवलेला स्टँड, तोही त्याचाच. डबीएवढा कॅमेरा, ज्याला ना बटण ना पडदा. तो वायरने लॅपटॉपला जोडायचा. आणि सूर्यासाठी बनवलेला चंदेरी फिल्टर. हा दुर्बिणीच्या तोंडाला लावतात, डोळ्याच्या टोकाला नाही, आणि तो घट्ट बसल्याची खात्री केल्याशिवाय दुर्बीण सूर्याकडे वळवायची नाही. बाकी कुठलीही चूक मला चालेल. इथली चूक डोळा घेऊन जाते.

गच्चीची किल्ली घरमालकांकडे. खाली त्यांचं कापडाचं दुकान. मूळ राजस्थानचे, पण तीन पिढ्या धुळ्यात. बाजार त्यांना शेठजी म्हणतो, मी काका म्हणते. पहिल्या दिवशी उन्हात लॅपटॉपवर काहीच दिसेना, तेव्हा त्यांच्याच दुकानातलं साड्यांचं रिकामं खोकं मी डोक्यावरून ओढून घेतलं आणि लॅपटॉपसकट आत शिरले. काका वर आले, खोक्याला प्रदक्षिणा घातली आणि खोक्यालाच विचारलं, “बेटा, आत तू आहेस की माल आलाय?”

एप्रिलमध्ये साडेनऊला लॅपटॉप तापून बंद पडायचा. छपरं तापली की सूर्याची कड उतू जाणाऱ्या दुधासारखी थरथरते, हेही कळलं. म्हणून सातची वेळ धरली. छोटा व्हिडिओ घ्यायचा. त्यात हजारभर चित्रं येतात. सॉफ्टवेअर त्यातली हवा शांत असतानाची तेवढी निवडतं आणि एकावर एक रचतं. ते फुकट मिळतं, हे मी मुद्दाम लिहिते, कारण यादीवाले ते सांगत नाहीत. रचून झालं की धुरकट पिवळी चकती हाती येते. मग एक पट्टी सरकवायची, की चित्र धारदार होतं. ती पट्टी माझ्या हाताला लगेच वळली. पत्रकात जाड ठसा वापरायची सवय! पहिला डाग असा चकतीतून वर आला तेव्हा मी खोक्यातच किंचाळले. तो पृथ्वीहून मोठा होता आणि मी तो देवपूरच्या गच्चीवर पकडला होता.

हिवाळ्यात दुर्बिणीचं सगळं बिऱ्हाड उचलून धरणगावला मामाकडे नेलं. ओसरीवर वेचलेल्या कापसाचा छातीएवढा ढीग. त्याच्याच शेजारी बसून मी कॅमेरा दुर्बिणीतून काढला, पुसला, परत बसवला. मामी बघत होती.

“सूर्य देखाले एवढं बठ्ठं लागस का वं?”

“फोटो काढायला एवढं सगळं लागतं, मामी.”

“तो रोज येस. पयी जानार शे का?” सूर्य कुठे पळून जाणार, हे मामीचं बरोबरच होतं.

धुळ्याला परतले आणि सूर्यावर एक विलक्षण डाग सापडला. लांबट, वेटोळं घातलेला, चकतीच्या मधोमध. सोमवारी होता, मंगळवारी होता, बुधवारी होता. मी पट्टी शेवटपर्यंत ओढली. गुरुवारी पत्रक छापून आलं. वर मथळा: ‘हा पाहा सूर्यावरचा डाग! फोटो आमचा, खोटेपणा शून्य’. खाली तीन दिवसांचे तीन फोटो, सूर्य साधारण सत्तावीस दिवसांत स्वतःभोवती फिरतो ही माहिती, आणि पुढच्या रविवारी गच्चीवर येऊन स्वतः बघण्याचं आमंत्रण. शुक्रवारी दुपारपर्यंत सगळे कागद वाटून संपले.

संध्याकाळी काकांनी दुकानात हाक मारली. पत्रक गल्ल्यावर पसरलेलं.

“हे दोन बारके डाग बघ. सोमवारी इथे. मंगळवारी जरा सरकले. बुधवारी अजून सरकले. आणि हा तुझा हिरो?”

मी बघितलं. हिरो जागचा हलला नव्हता.

“मोठा आहे ना काका. हळू जात असेल.”

“मोठं गिऱ्हाईक हळू चालतं, बेटा. डाग नाही.” त्यांनी मांडीवरचा तागा हातभर ओढला. “गिऱ्हाईक म्हणतं, कापडावर डाग आहे. आपण भांडत नाही. तागा सरकवतो. डाग कापडाबरोबर गेला, तर माल परत. जागेवर राहिला, तर म्हणायचं, भाऊ, चष्मा पुसा.”

मी रागाने लाल झाले. काकांवर नाही, ते बरोबर आहेत, हे मला तिथेच कळलं म्हणून.

हिवाळ्यात सूर्य उशिरा वर येतो, म्हणून शनिवारी सकाळी आठला दुर्बीण लावली आणि मोटरचं बटण दाबून ती बाजूला ढकलली. पडद्यावर सूर्य डावीकडे गेला. बारके डाग त्याच्याबरोबर गेले. हिरो तिथेच. सूर्याची कड त्याच्यावरून निघून गेली आणि तो काळ्यात बुडाला. कॅमेरा उघडला. आतल्या काचेवर धरणगावचा कापूस, एक तंतू, पापणीच्या केसाहून बारीक. मोटर सूर्याला इतक्या इमानाने मधोमध धरून ठेवत होती की तंतू रोज त्याच ठिकाणी छापला जात होता.

मैत्रीण म्हणाली, “कुणाला कळणार आहे? रविवारी खरा डाग दाखव आणि गप्प बस.”

“काकांना कळलं.”

“काका कुठे सांगणारेत?”

गंमत बघा, याच मैत्रिणीबरोबर मी एका साप्ताहिकाच्या कचेरीत दीड तास ठाण मांडून बसले होते. त्यांनी पहिल्या पानावर खोटा फोटो छापला आणि दिलगिरी आतल्या पानावर, मुंगीच्या अक्षरांत. तेव्हा मी टेबलावर हात आपटून म्हणाले होते, चूक ज्या अक्षरांत, दुरुस्ती त्याच अक्षरांत. आता गप्प बसले, तर माझ्यात आणि त्या संपादकात फरक काय? आणि बोलले, तर रविवारी गच्चीवर कोण येईल? कोणी आलं नाही, तर पत्रक संपलं. ‘खोटेपणा शून्य’ लिहिणाऱ्या आणि खोटं छापणाऱ्या बाईचा कागद पुन्हा कोण हातात घेईल?

मैत्रिणीने कपाळाला हात लावला. मग उठून छापखान्यात फोनही तिनेच केला.

मथळा त्याच मापाचा: ‘तो डाग सूर्यावर नव्हता! आमच्या कॅमेऱ्यात कापूस होता’. खाली काकांची युक्ती, त्यांना विचारून: डाग ओळखायचा तर सूर्य सरकवा. ज्या ज्या टपरीवर पहिलं वाटलं होतं, तिथे तिथे पुढच्या आठवडाभरात हे वाटलं. एका टपरीवाल्याने वाचलं आणि मोठ्याने विचारलं, “ताई, क्विंटलला काय भाव लावला?” सगळी टपरी हसली. मीही हसले आणि पुढच्या टपरीकडे वळले.

रविवारी आठला जिन्यात चपलांचा आवाज आला. आणि तो थांबेचना. शाळेतल्या बाई, रिक्षावाले, कॉलेजची पोरं, तो टपरीवाला बायकोसकट. काकांनी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून रांग लावली. मी लॅपटॉप त्याच साड्यांच्या खोक्यात ठेवला, आणि एका वेळी दोघादोघांनी आत डोकं घालायचं ठरलं.

टपरीवाल्याच्या बायकोने आत बघितलं. “हा डाग खरा का?”

“हो, हा खरा,” मी म्हणाले.

“तुम्ही मागेपण हेच म्हणाल्या होत्या. सरकवा.”

मी बटण दाबलं. सूर्य चालू लागला, डाग त्याच्याबरोबर निघाला. ती खोक्यातून ओरडली, “गेला! गेला बरोबर!” मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. पुढच्याने डोकं घातलं आणि न विचारताच म्हणाला, “सरकवा.” मग शाळेतल्या बाई, “एकदा उलटीकडे सरकवा बघू.” कॉलेजच्या एका पोराने कोपऱ्यात धुळीचा एक ठिपका पकडला, खोटा, जागचा न हलणारा. मला तो दिसलाच नव्हता. पोरगा असा नाचला की जणू त्यानेच सूर्य शोधला.

त्या सकाळी माझ्या शब्दावर एकानेही विश्वास ठेवला नाही. दोन वर्षं मी पत्रकांतून हेच मागत होते. बटण दाबून दाबून माझा अंगठा दुखायला लागला, मोटर कुरकुरायला लागली, छपरं तापली आणि सूर्याची कड थरथरायला लागली. तरी रांगेतून आवाज येतच होता, “ताई, आम्ही नाही बघितलं अजून. सरकवा!”