वितीला एक बोट

मी पत्र्याच्या गाड्या करते. नातवंडांना खेळायला करता का, असं लोक विचारतात. नातवंडांच्या हातात मी त्या देत नाही, दोन दिवसांत चाकं काढून ठेवतात. मी माझ्या हौसेसाठी करते, आणि जुन्याच गाड्या करते. आताच्या गाड्या वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या, सगळीकडून गुळगुळीत. नाव पुसलं तर एकीतून दुसरी ओळखू येत नाही. जुन्या गाडीला नाक असतं, गाल असतात, समोर उभं राहिलं तर ती आपल्याकडे पाहते. कारखान्याला ऊस नेणारे जुने ट्रक होते, पुढे नाक काढलेले, लाकडी केबिनचे. ते मी तीन केले. कारखान्याची जीप केली. जुनी लाल एसटी केली, तिच्या मागच्या शिडीला चार दिवस लागले.

माझी शाळा चौथीपर्यंत. लहानपणी आम्ही सगळेच ज्वारीच्या धांड्यांच्या बैलगाड्या करायचो. बाकीच्यांनी मोठं झाल्यावर सोडून दिलं. माझे मालक गेल्यावर माझ्याही हाताला काम उरलं नाही. सून कामसू आहे, ती मला चुलीकडे फिरकू देत नाही. मग मी पत्र्याची कात्री मागवली. तेलाच्या डब्याचा पत्रा वाकायला चांगला. चाकांना जुन्या स्लीपरचा तळ. गाडीच्या तोंडाची जाळी चहाच्या गाळणीतून निघते, आणि गोळ्यांच्या पाकिटावरचे प्लास्टिकचे फुगे दिव्यांच्या काचा म्हणून फार शोभतात. या वयात गोळ्यांच्या पाकिटांना तोटा नाही.

मापाचं माझं एकच गणित आहे. खऱ्या गाडीची एक वीत म्हणजे माझ्या गाडीचं एक बोट, आडवं ठेवलेलं. माझ्या वितीत माझी बारा बोटं बसतात, त्यामुळे गाडी बाराव्या हिश्श्याची होते. टेप लावला की आकडे येतात, आणि त्यांचे भागाकार करत बसावं लागतं. हाताला भागाकार लागत नाही.

माझा थोरला भाऊ अंबडला असतो. त्याच्याकडे पांढरी अँबॅसेडर होती. ती त्यानं चाळीस वर्षं भाड्यानं चालवली. लग्नाची वऱ्हाडं, बाळंतिणी, आणि सगळ्यात जास्त कोर्टाच्या तारखा. बांधावरून भांडणारे दोघं भाऊ एकाच गावचे, कोर्ट एकच, तारीख एकच, आणि खर्च वाचवायला गाडीही एकच. दादा एकाला पुढे बसवायचा, दुसऱ्याला मागे, आणि कोर्टाच्या फाटकापर्यंत कुणी बोलायचं नाही असा त्याचा कायदा होता. परतताना दोघं मागे शेजारी बसून आले तर समजायचं, तारीख पुढे गेली.

पुढे भाडं बंद झालं तरी गाडी राहिली. दादा रोज तिला पुसायचा आणि बाजारच्या दिवशी बाहेर काढायचा. त्याच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. एकदा त्यानं गवताच्या भाऱ्याला म्हैस समजून हॉर्न दिला आणि ती बाजूला व्हायची वाट बघत थांबला. त्यावर आम्ही हसलो. पुढच्या महिन्यात गाडीचा मागचा डावा गाल शाळेच्या फाटकाच्या खांबाला घासला. खांबापलीकडे चार हातांवर पोरं उभी होती. त्यावर कुणी हसलं नाही.

भाच्यानं, म्हणजे दादाच्या मुलानं, किल्ली लपवली. दादानं किल्लीवाल्याकडून दुसरी करून आणली. भाच्यानं बॅटरीची वायर काढली, तर दादानं ती लावली. चाळीस वर्षं ज्यानं गाडी उघडून जोडली, त्याला डोळे लागत नाहीत. गाडी अंगणात आहे तोवर हा चालवणार आणि एक दिवस कुणाला तरी मारणार, हे सगळ्यांना कळत होतं.

भाच्यानं संभाजीनगरचे एक दातांचे डॉक्टर शोधले. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद. त्यांच्याकडे अशा पाच आहेत आणि ते त्यांना लेकरांसारखं सांभाळतात. दादा बिलकुल ऐकेना. शेवटी मला बोलावलं, कारण दादाला तोंडावर बोलणारी मी एकटीच.

मी म्हटलं, "दादा, गाडी जाऊ दे. मी तुला अश्शीच करून देते."

तो म्हणाला, "अश्शीच म्हंजे? बाजारातल्या खेळण्यावानी न्हाई चालणार. माझीच पाह्यजे. पंधरा दिवसांत दाखव. मला वळखली न्हाई तर गाडी वापस येईल, आन् मंग मला कुणी आडवायचं न्हाई."

डॉक्टर भले माणूस. पंधरा दिवस गाडीला हात लावत नाही, असा त्यांनी शब्द दिला.

न्यायच्या दिवशी ते संध्याकाळी येणार होते, आले सकाळी अकराला. माझं पुढच्या बंपरपासून दोन दारांमधल्या दांडीपर्यंतच माप झालं होतं. आत चहा सुरू, दादा दारात गाडीला टेकून उभा, आणि मागचा सगळा भाग बाकी. मी वैनींना म्हटलं, तुम्ही मागून मोजत या, मी लिहून घेते.

वैनींचं आणि माझं पन्नास वर्षांत कधी जुळलं नाही. त्या मोजून बोलतात, मी न मोजता. शिवाय त्यांचा त्या गाडीवर राग होता, आणि तो खोटा नव्हता. पण गाडी जात होती म्हणून त्या खुशीत होत्या. त्यांनी पदर खोचला आणि भराभर विती टाकल्या. लांबी, रुंदी, डिक्की, दार, खांबानं पडलेला पोचासुद्धा. मी पेन्सिलनं लिहिलं. गाडी गेली. दादा ओट्यावर बसला आणि रस्त्याकडे पाठ करून बसला.

मी अंबडलाच मुक्काम केला. पुढचा भाग फार चांगला उतरला. बॉनेटची गोलाई आणायला मी पत्रा वरवंट्यावर ठोकला. आठ दिवसांनी मागचा भाग जोडला आणि छत वर ठेवलं, तर बसेना. पुढे बसायचं, मागे अपुरं पडायचं. नीट पाहिलं तर गाडी मागे रुंद होत गेली होती, आणि डिक्की तर संपतच नव्हती. पुढून अँबॅसेडर, मागून बदक.

मी वैनींना म्हटलं, तुम्ही चुकीचं मोजलंत. दुसरं कुणी असतं तर आधी विचारलं असतं, मी ठपकाच ठेवला.

त्या भांडी विसळत होत्या. म्हणाल्या, "मला धापर्यंत मोजता येत न्हाई का? चार पोरं मोजूनच वाढवली."

मी म्हटलं, मग हा पाट मोजून दाखवा. त्यांनी ओल्या हातानं मोजला. सव्वातीन विती. मी मोजला तर तीनलाच थोडी कमी. दोघींनी पुन्हा मोजला. आकडे तेच. तेव्हा कुठं माझी नजर हातांवर गेली. वैनींना सव्वादोनच्या बांगड्या लागतात आणि मला पावणेतीनच्या. त्यांची वीत लहान, म्हणून त्यांच्या विती जास्त भरल्या. तो आकडा मी माझ्या जाड बोटांनी पत्र्यावर उतरवला. इतकी वर्षं गाड्या करते आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण इतकी वर्षं मी एकटीच मोजत होते.

पण चूक कळून उपयोग नव्हता. गाडी संभाजीनगरला, दिवस सात उरलेले. भाचा म्हणाला, आत्या, मोबाइलवर सगळी मापं मिळतात. मिळाली. पण ती कंपनीतून निघालेल्या गाडीची. दादाचा मागचा बंपर अंबडच्या लोहारानं नळीतून केलेला, डिक्कीचं झाकण दुसऱ्याच गाडीचं बसवलेलं. दादा पहिला हात तिथंच लावणार. डॉक्टरांना फोन करून टेपनं मापं मागवावीत, तर दादाला गाडी जमली नाही हे त्याच दिवशी कळलं असतं. मापं सांगायला डॉक्टर उलटा फोन करणार, आणि फोन उचलायला घरात तोच पहिला धावतो.

मी माझी जाड बोटं मागच्या पत्र्यावर ठेवून विचार करत बसले होते. वैनी माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि ठसक्यात म्हणाल्या, "माप माझं, तर बोट तुमचं कामून? मापाला बी मीच, बोल खायला बी मीच, आन् बोट लावायच्या टायमाला नणंदबाई."

त्यांनी टोमणा मारला होता. मला तो समजायला थोडा वेळ लागला. मग मी त्यांचा हात ओढला आणि त्यांच्या वितीत त्यांचीच बोटं मोजली. बारा. माझ्या वितीत माझी बारा, त्यांच्या वितीत त्यांची बारा. म्हणजे ज्यांची वीत त्यांचंच बोट लावलं तर मागचा भागही बाराव्या हिश्श्याचाच होणार. आकडे होते तसेच बरोबर होते.

हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मला काय समजलं न्हाई, पर मी बराबर व्हते ना? मी म्हटलं, होतात. एवढ्यावर त्या बसायला तयार झाल्या.

पाच दिवस आम्ही दोघी मागच्या खोलीत. त्या पत्र्यावर बोटं टाकायच्या, मी खिळ्यानं खुणा करायची आणि कापायची. बोटं टाकता टाकता त्या बोलायच्या. त्या गाडीच्या मागच्या सीटवर त्या जन्मात आठ वेळा बसल्या होत्या, आणि आठही वेळा त्यांनी मला तारीखवार ऐकवल्या. पहिल्या बाळंतपणाला कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी कोर्टाच्या भाड्याला गेलेली, त्या एसटीनं दवाखान्यात पोचल्या. कंडक्टरनं आख्खी गाडी कुठं न थांबवता दवाखान्यापाशी नेली. दादा संध्याकाळी आला आणि त्यानं आधी गाडी धुतली. हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत? म्हणाल्या, तुम्ही भावाची बाजू घेतली असती. ते खरं होतं, म्हणून मी पत्रा कापत राहिले.

खांबाचा पोचा मला टाकायचा नव्हता. चांगला ठोकून सरळ केलेला पत्रा कोण पुन्हा चेपणार? वैनी अडून बसल्या. मोजलाय तर आलाच पाहिजे. शेवटी त्यांनी स्वतः चिंचोका ठेवून वर बत्ता मारला. एकाच घावात बरोबर पोचा पडला. इतकी वर्षं मनात असल्याशिवाय असा घाव बसत नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी दादाच्या मांडीवर पाट ठेवला आणि पाटावर गाडी. छत बसलं होतं. पांढरा ऑइलपेंट, मागच्या दिव्यांना लाल नेलपॉलिश. आम्ही तिघं समोर उभे. मला माझ्या लग्नात एवढी धास्ती वाटली नव्हती.

दादानं आधी पाहिलंच नाही. चष्मा काढून बाजूला ठेवला आणि हात फिरवला. नाक, दिवे, बॉनेटची मधली उभी रेघ. काचेवरून वर, छतावरून मागे. लोहाराच्या बंपरवर त्याचा अंगठा थांबला. मग आत बोट घातलं.

"गिअर?" तो म्हणाला.

मी म्हटलं, स्टेअरिंगला बघ. खाली शोधू नको, तुझ्या गाडीला तो खाली कधी होता? केसांची पिन वाकवून बसवली होती. त्यानं ती नखानं हलवली, पहिला, दुसरा, तिसरा, आणि मान डोलावली. मग हात मागच्या डाव्या गालावर गेला आणि पोच्यात बोट अडकलं. ते तिथंच राहिलं.

"ह्ये कुणी टाकलं?"

"म्या," वैनी म्हणाल्या. "पोरं पल्याडच उभी व्हती. इसरू नका म्हून टाकलं."

वैनी पन्नास वर्षांत नवऱ्याला असं सरळ बोलल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. भाचा चुळबुळला, मी त्याला डोळ्यानं गप्प केलं. दादानं बोट पोच्यातून काढलं, धोतराला पुसलं आणि डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं.

डॉक्टरांना त्यानं आधी सगळं सांगितलं. थंडीत चोक अर्धाच ओढायचा. दुसऱ्या गिअरला थोडा आवाज येईल, तो जुना आहे, घाबरू नये. उजवं मागचं दार आतून उघडत नाही, पाहुणा अडकला तर हसू नये. डॉक्टरांच्या खुर्चीत तिकडे कुणी तरी तोंड उघडून बसलेलं असणार, पण ते बिचारे हो हो म्हणत ऐकत होते.

शेवटी दादा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, गाडी आता तुमचीच. बघायला म्हून बी हिकडं आणू नका. आणली तर मी चालवीन."

तिकडच्या उत्तराची वाट न बघता दादानं फोन भाच्याकडे दिला, चष्मा चढवला आणि वैनींना म्हणाला, जेवायला वाढ, सकाळपासून पोटात काही न्हाई.